पारदर्शक नेलपॉलिश

जयवंतराव परुळेकर गणपतीपासून फक्त डाव्या बाजूने जेवत होते आणि याला कारण त्यांची सून आहे, असा त्यांचा समज होता.

हा समज त्यांनी कोणालाही सांगितलेला नव्हता. सून वाईट असती तर त्यांनी तो लगेच सांगितला असता. पण रुचिरा गुणाची होती, दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि घरातल्या माणसाच्या तोंडात तिने भरलेली पहिलीच दाढ जयवंतरावांची होती. तीही त्यांनी आपण होऊन देऊ केलेली. "घरच्या माणसाने विश्वास नाही दाखवायचा तर कोणी दाखवायचा?" असे म्हणून ते कॉलेजातल्या खुर्चीत आडवे झाले होते. त्या दिवशी मालनताईंनी देवापुढे नारळ फोडला होता. त्याच नारळाची वाटी पुढे सोलकढीत गेली आणि त्या सोलकढीच्या पहिल्याच गार घोटाला जयवंतरावांच्या उजव्या जबड्यातून एक कळ अशी गेली, की त्यांनी पेला तसाच खाली ठेवला.

"काय झालं हो? आंबट झाली का?" मालनताईंनी विचारले.

"छे, उत्तम झाली आहे," असे म्हणून त्यांनी उरलेली सोलकढी डाव्या गालातून, एखादा चोर गल्लीतून जावा तशी नेली.

तेव्हापासून वाफाळता चहा पिणारे जयवंतराव तो निवू देऊ लागले. आइस्क्रीम त्यांनी तत्त्व म्हणून वर्ज्य केले. आणि सून समोर असली की सुपारीचे खांड दाखवून दाखवून, पण डाव्याच बाजूने, फोडू लागले.

अशा अवस्थेत एका रात्रीच्या जेवणाला रुचिराने आपल्या प्रबंधाचा विषय सांगितला. दात किडला की कीड काढून तिथे दाताच्याच रंगाचा मसाला भरतात. तो नुसता चिकटत नाही. आधी आतून एक गोंद लावावा लागतो. निळ्या दिव्याखाली मसाला कडक होताना किंचित आकसतो, आणि गोंद कच्चा असेल तर कडेला केसाहून बारीक फट पडते. दिसत काहीच नाही. पण तिथून लाळ झिरपते, जंतू जातात, गार-गरम लागले की दात ठणकतो आणि वरून धडधाकट दिसणारी दाढ आतून पुन्हा किडते. बाजारात गोंद पुष्कळ. त्यांतले तीन घेऊन कोणता सर्वांत कमी गळतो, ते तिला पाहायचे होते.

"गळती" हा शब्द ऐकताच जयवंतरावांचे कान टवकारले. त्यांची उभी हयात महानगरपालिकेच्या पाणी खात्यात, बोरिवलीपासून दहिसरपर्यंतच्या गळत्यांच्या तक्रारी सोडवण्यात गेली होती. त्या खात्यात त्यांच्या नावावर एक सिद्धान्त जमा होता. भिंत ओली झाली म्हणून वरच्या मजल्यावरच्या माणसाला शिव्या देत येणाऱ्या प्रत्येक तक्रारदाराला ते तो ऐकवत: "पाणी जिथे दिसतं, गळती तिथे नसते." निम्मे तक्रारदार एवढ्यानेच घरी परत जात, हा सिद्धान्ताचा दुसरा फायदा.

"बाबा, कंटाळा आला ना?" रुचिरा म्हणाली.

"मुळीच नाही. सांग पुढे. हे तीन गोंद... यांतला एखादा तू कोणाला प्रत्यक्ष लावलायस का?"

"तुम्हालाच की! एकाच बाटलीत सगळं असतं ना, तो. दुसऱ्या गटातला."

जयवंतरावांनी घास डावीकडे वळवला. आपल्या तोंडात काय चालले आहे याचा उलगडा सुनेला न दुखावता होण्याची ही एकमेव संधी होती. शास्त्रच निकाल देणार होते. आपण फक्त जवळ उभे राहायचे. "तुला जी लागेल ती मदत मी करीन," असे त्यांनी जाहीर केले, आणि मालनताईंनी चमकून वर पाहिले. निवृत्तीनंतर ह्यांनी घरातल्या कोणत्याही कामात स्वतःहून मदत देऊ केल्याची ही पहिली वेळ होती.

पहिली अडचण दातांचीच. प्रयोगाला माणसाचे न किडलेले, पण उपटलेले दात लागतात. चांगला दात कोण उपटून देईल, असे कोणालाही वाटेल. पण वाकडे दात सरळ करायच्या तारा बसवताना जागा करण्यासाठी असे दात काढतात आणि ते टाकून देतात. रुचिराने कॉलेजातून निम्मे जमवले होते. उरलेल्यांसाठी जयवंतरावांनी बोरिवलीतल्या दंतवैद्यांकडे रीतसर अर्ज केले. "विषय: उपटलेले दात मिळणेबाबत." महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. एका दवाखान्यातल्या मुलीने अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाली, "काका, कवळी करायची असेल तर आधी तपासून घ्यावं लागतं. दुसऱ्यांचे नाही बसत." दुसऱ्या ठिकाणी कॉलेजचे पत्र मागितले, कॉलेजने पत्रासाठी समितीची मंजुरी मागितली, आणि समितीने कोणत्या दवाखान्याचे दात घेणार ते आधी कळवा, असे कळवले. खात्यात आपण लोकांना असेच फिरवत होतो काय, असा एक विचार जयवंतरावांच्या मनात डोकावला. त्यांनी तो बाहेरच उभा ठेवला.

यथावकाश दात जमले आणि दुसरी अडचण उभी राहिली. ते कोरडे पडता कामा नयेत, गार पाण्यात ठेवायला हवेत, आणि कॉलेजच्या फ्रिजवर रुचिराचा भरवसा नव्हता. मागच्या वर्षी एकीचे दात दुसरीने आपले समजून कापून टाकले होते. दातांची बरणी घरच्या फ्रिजमध्ये आली.

मालनताईंना ती कोथिंबिरीच्या मागे सापडली.

"हे कोणाचे?"

"अगं, ते लोकांचे आहेत."

"लोकांचे म्हणजे? नाव नाही, गाव नाही, आणि माझ्या नैवेद्याच्या दुधाशेजारी? जिवंत आहेत ना ती माणसं?"

"मजेत आहेत. तारा लावून हिंडतायत."

पण मालनताई ऐकेनात. समोरच्या फ्लॅटमधले बेसिल सिल्व्हेरा हे जयवंतरावांचे संध्याकाळच्या फेरीचे सोबती. त्यांच्या फ्रिजचा पर्याय चाचपून पाहिला. बेसिल म्हणाले, "ठेव ना, माझं काय जातं? पण आमच्या घरवालीला, एमिलियाला नीट सांगून ठेव. आमच्या फ्रिजात बोंबील असतात, त्यांनाही दात असतात. चुकून एकात एक कालवण झालं तर मला बोलायचं नाय."

शेवटी मालनताईंनीच तोडगा काढला. परकी वस्तू घरात राहायची तर देवाच्या कानावर घालायला हवी. त्यामुळे एका सकाळी स्वयंपाकघरात, फ्रिजचे दार उघडे ठेवून, जयवंतरावांनी गावच्या रीतीने गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जे परक्यांचे दात पावणे म्हणान इले हत, तेंका आणि तेंच्या धन्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालनताई म्हणाल्या.

"सुनेच्या हाताक यश दी रे म्हाराजा! आणि कोणाच्याच दाताक गळती लागाची नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणताना रुचिराचा स्वर जरा डळमळला. गळती मुळीच लागली नाही तर तुलना कशाची करायची, ही शंका तिला आली होती. पण गाऱ्हाण्यात दुरुस्ती सुचवण्याची पद्धत नसते.

मग तिने कॉलेजात दातांना खड्डे पाडून, तीन गटांत तीन गोंद लावून ते भरले. गोंद मुळीच न लावलेला एखादा गट का नाही, असे जयवंतरावांनी विचारलेसुद्धा. "गोंदाशिवाय गळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात दात वाया घालवू नकोस, असं सर म्हणाले," रुचिरा म्हणाली. वरिष्ठांचे मत म्हटल्यावर जयवंतरावांनी मान डोलावली. ही सवयही खात्यातलीच.

आता दातांना तोंडातले आयुष्य भोगायला लावायचे होते. म्हणजे आइस्क्रीम, मग चहा, मग पुन्हा आइस्क्रीम. बर्फाच्या पाण्यात अर्धा मिनिट, गरम पाण्यात अर्धा मिनिट, असे शेकडो वेळा. कॉलेजात त्यासाठी यंत्र होते, पण ते बंद पडले होते, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी तीन कंपन्यांकडून दरपत्रके मागवायची असताना शहरात ते यंत्र दुरुस्त करणारी कंपनीच एक होती. "मी बुडवतो," जयवंतराव म्हणाले.

गॅलरीत दोन पातेली, दोन तापमापके, एक घड्याळ आणि चहाची गाळणी घेऊन ते बसले. गाळणीत एका गटाचे दात. बर्फात बुडवले की त्यांच्या स्वतःच्या उजव्या जबड्यात एक बारीक शिरशिरी येई. दुसऱ्या गटाच्या वेळी तर त्यांना गाळणीकडे पाहवेना. आपली दाढही त्याच बाटलीतल्या गोंदाची. हे तिचे भाऊबंद. ते बिचारे बोलू शकत नव्हते आणि जयवंतराव बोलू इच्छित नव्हते.

गाळणीची बातमी इमारतीत पसरल्यावर परुळेकरांकडे आलेला प्रत्येक पाहुणा "चहा आत्ताच झाला" असे म्हणू लागला. मालनताईंनी नवी गाळणी आणून तिच्यावरचे लेबल मुद्दाम काढले नाही, तरी काही उपयोग झाला नाही.

यानंतरची पायरी दिसायला सर्वांत सोपी होती. दात निळ्या रंगात बुडवायचे आणि मग उभे कापून, निळा रंग फटीतून किती आत शिरला ते पाहायचे. पण रंग भलतीकडून, मुळांतून वगैरे शिरू नये म्हणून आधी सबंध दाताला नेलपॉलिश फासायचे. फक्त भरलेला भाग आणि त्याभोवतीची बारीकशी कड उघडी ठेवायची.

"बाबा, येताना एक नेलपॉलिश आणाल? कुठलाही गडद रंग. म्हणजे कुठे लागलंय ते दिसेल."

जयवंतराव स्टेशनजवळच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारले, "अंकल, मॅट दाखवू की शिमर?" त्यांना दोन्ही शब्द कळले नाहीत. "कोणासाठी हवंय? स्किन टोन काय?" दाताचा वर्ण सांगावा काय, या विचारात ते असतानाच मागून आवाज आला, "अय्या, जयवंतभाऊ, तुम्ही इथे?" दुसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबाई मागे उभ्या होत्या. त्या घरीच ब्युटी पार्लर चालवत, आणि इमारतीतल्या बातम्या त्यांच्याकडे केस कापायला येत.

जयवंतरावांच्या हातात त्या क्षणी गडद लाल बाटली होती. ती त्यांनी विंचू धरल्यासारखी खाली ठेवली. "बिनरंगाचं द्या," ते म्हणाले. "अगदी पाण्यासारखं." लाल नेलपॉलिश घेणाऱ्या निवृत्त गृहस्थाला सतरा प्रश्न विचारतात, पारदर्शक घेणाऱ्याला, निदान त्यांच्या अंदाजाप्रमाणे, दोन-तीनच.

"चालेल तसं," रुचिरा बाटली पाहून म्हणाली, पण तिच्या कपाळावर एक आठी आली. दुसऱ्याच दिवशी तिची रवानगी कॉलेजच्या शिबिरात झाली आणि दात रंगवण्याचे काम जयवंतरावांवर आले. पहिल्याच दाताला त्यांच्या बोटाचे नख चिकटले. तेवढ्यात प्रकरण काय आहे याचा छडा लावायला आलेल्या जयंतीबाईंनी पदर खोचला.

"सरका तुम्ही. असं वाळवी लागल्यासारखं कोण लावतं? हे काय, रोजचं काम आहे माझं."

"पण हा मधला भाग सोडायचा हं. हा भरलेला चौकोन आणि एवढीशी कड."

"कळलं, कळलं. सोडते."

आणि त्यांनी तो सोडला. पहिला हात त्यांनी अगदी सांगितल्याप्रमाणे दिला. काम देखणे झाले होते. जयवंतरावांनी समाधानाने मान हलवली आणि ते दुपारची डुलकी काढायला गेले. दुसरा हात कसा दिला गेला, ते पाहायला कोणी नव्हते.

निळा रंग भरताना जयवंतरावांचे एक बोट निळे झाले आणि ते उतरेना. खालच्या वाण्याने विचारले, "काका, पोटनिवडणूक होती का? आम्हाला कळलंच नाही." हा अपमान त्यांनी शास्त्रासाठी गिळला.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी रुचिरा धावतच घरात आली. "आई, बाबा, हे बघा!" तिने प्रत्येक गटातले दोन-तीन दात नमुन्यादाखल कापून आणले होते. जयवंतरावांनी भिंग लावले. कापलेला दात आतून हस्तिदंतासारखा स्वच्छ. पहिला गट स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसरा स्वच्छ. निळ्या रंगाचा आत मागमूस नाही.

"एकही गळला नाही! सर म्हणाले, असा सील त्यांनी आजवर पाहिला नाही. म्हणाले, तुझा हात फार चांगला आहे. उद्या उरलेले कापायचे, की झालं."

"गाऱ्हाणं लागू पडलं," मालनताई शांतपणे म्हणाल्या आणि साखर आणायला आत गेल्या.

जयवंतरावांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, "शाब्बास," म्हटले, आणि चपला घालून थेट बेसिलकडे गेले.

"काय रे, तोंड असं का पाडलंस?" बेसिल म्हणाले. "पोरगी पास झाली ना?"

"तेच तर. तिचा एकही दात गळत नाही."

"मग?"

"माझा गळतो."

बेसिलनी टीव्हीचा आवाज कमी केला. "ते मला ठाऊक आहे. तीन महिने तू शेंगदाणे एका बाजूला गायीसारखे चघळतोस. मी बोललो नाय, म्हटलं सासरा-सुनेची भानगड."

"अरे, तोच हात, तोच गोंद, तेच बुडवणं. बरणीतले सगळे कोरडे आणि माझ्या एकट्याच्या तोंडात गळती? माझी दाढ खरी असेल तर तिचा निकाल खोटा आहे. आणि हे सांगायचं तर सांगावं लागेल की तुझं पहिलंच काम फसलं. आज, तिला साखर भरवताना!"

"नको सांगू मग. लवंग ठेव दाढेत."

"आणि उद्या तिने उरलेले कापले, प्रबंधात लिहिलं, आणि पुढे कोणी तिला तोंडावर विचारलं तर?"

"तर सांग," बेसिल म्हणाले. "मला काय विचारतोस? तू आल्यापासून दोन्ही बाजूंनी तूच बोलतोयस. जेवतोस मात्र एकाच बाजूने."

जयवंतराव परत आले. रुचिरा चहा पीत बसली होती. इतक्या दिवसांत प्रथमच तिच्या हातात मोबाइल किंवा दात यांपैकी काही नव्हते. ते तिच्यासमोर बसले आणि तक्रार नोंदवायला आलेल्या नागरिकाच्या सुरात म्हणाले, "रुचिरा, एक गोष्ट आहे. माझी दाढ गळते आहे. तू भरलेली."

मालनताईंच्या हातातली साखरेची वाटी टीपॉयवर जरा जोरात टेकली. "अहो! आजच?"

"उद्या उशीर होईल, म्हणून आजच. तुझा हात वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण शंभर जण गळत नाहीत म्हणतात आणि एक दाढ गळते म्हणते, तर त्या दाढेचंही ऐकायला नको का?"

रुचिराचा चेहरा उतरला. पण ती रडली नाही की रागावली नाही, तिने कप ठेवला, फ्रिजमधून बर्फाचा खडा काढला, कापसात गुंडाळला आणि म्हणाली, "आ करा."

बोळा पहिल्यांदा तिने भरलेल्या दाढेला लावला. जयवंतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. काही झाले नाही.

"लावलास का?"

"केव्हाचा."

मग तिने तो शेजारच्या दाढेला लावला, आणि जयवंतराव खुर्चीसकट मागे सरकले.

"ही कोणी भरली?" रुचिराने विचारले.

ही भरली होती चर्चजवळच्या त्यांच्या जुन्या डॉक्टरांनी, ज्यांचे कौतुक जयवंतराव गेली वीस वर्षे येईल त्याला ऐकवत आले होते, आणि ज्यांची थोरवी खुद्द रुचिरालाही त्यांनी ती खड्डा भरत असताना, तोंडात नळी असूनही, सांगायचा प्रयत्न केला होता.

"कड उघडली आहे तिची. शेजारच्या दाढेची कळ माणसाला नेमकी कळत नाही," रुचिरा म्हणाली. मग थांबून, अगदी त्यांच्याच सुरात: "पाणी जिथे दिसतं, गळती तिथे नसते."

मालनताई तोंडाला पदर लावून हसल्या. जयवंतरावांना एकाच वेळी हलके आणि हास्यास्पद वाटले. यांतले हलके वाटणे जास्त होते. "म्हणजे तुझा निकाल खरा," ते म्हणाले. "मी उगाच..."

पण रुचिरा आता हसत नव्हती. तिने भिंग उचलले होते. "नाही बाबा. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. शंभरातला एकही गळत नाही असं होत नाही. मला आनंदाच्या भरात दिसलं नाही." तिने कापलेला एक दात दिव्याखाली धरला, तिरपा केला, मग नखाने भरलेल्या चौकोनावर हलकेच खरवडले. एक पातळ, चकचकीत पापुद्रा सुटून तिच्या बोटावर आला. "हे काय आहे?"

जयंतीबाईंना बोलावणे गेले. त्या आल्या, त्यांनी पापुद्रा पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेशही नव्हता.

"मग? पहिल्या हाताला सोडला होता ना मी? पण दुसऱ्या हाताला बघवेना गं. एवढं सगळं चकचकीत आणि मधे हा मेला भोकासारखा कोरडा चौकोन. माझ्या हातून अर्धवट काम नाही होत. लोक म्हणतील, जयंतीला नेलपॉलिश लावता येत नाही."

"काकू, मग गोंदाची नाही, तुमच्या नेलपॉलिशची परीक्षा झाली," रुचिरा म्हणाली.

"मग पास झालं ना?"

"पहिल्या वर्गात," जयवंतराव म्हणाले.

मालनताईंना मात्र वाईट वाटले. "म्हणजे गाऱ्हाण्याने काहीच नाही झालं?"

"झालं ना आई," रुचिरा म्हणाली. "कोणाच्याच दाताला गळती लागू नये, असं मागितलं होतं. देवाने काकूंना पाठवलं. पुढच्या वेळी फक्त जरा नेमकं मागू या."

कापलेले दात वाया गेले होते. पण बाकीचे अजून अखंड होते. त्यांच्यावरचा पापुद्रा खरवडून, पुन्हा नीट रंगवून, पुन्हा निळ्या रंगात बुडवता येणार होते. एक दिवस उशीर झाला असता तर तेही करवतीखाली गेले असते. जयवंतरावांच्या दाढेने चुकीच्या शेजाऱ्यावर आळ घेतला होता खरा, पण त्या आळामुळेच खरी चोरी पकडली गेली. आणि अशा प्रकारची तक्रार खात्यात कोणत्या सदराखाली नोंदवली असती, याचा विचार ते पुढे बरेच दिवस करत राहिले.

त्यांच्या जुन्या दाढेत रुचिराने तात्पुरता मसाला भरला. कायमचा तिथल्या तिथे भरायला ती तयार होती, पण जयवंतराव ऐकेनात. "तिन्हींतला कोणता कमी गळतो, ते आधी कळू दे. मग तो लाव." इतके दिवस ज्या निकालाची त्यांना धास्ती होती, त्याचे आता त्यांना विलक्षण कुतूहल लागून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा स्टेशनजवळच्या दुकानात गेले. गर्दी होती. रांगेत इमारतीतल्या दोन बायका होत्या आणि जयंतीबाई तर होत्याच. या खेपेला त्यांना जयवंतरावांनीच सोबत आणले होते. काउंटरवर तीच मुलगी.

"लाल नेलपॉलिश," जयवंतराव स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले. "तुमच्याकडचं सगळ्यात भडक. लांबून दिसलं पाहिजे."

मुलीने बाटली काढली आणि त्यांच्याकडे, मग त्यांच्या निळ्या बोटाकडे पाहिले. "कोणासाठी, अंकल?"

जयवंतरावांनी ताठ उभे राहून खिशातून पैसे काढले.

"दातांना लावायचं आहे," ते म्हणाले. "आणि मधे एक चौकोन सोडायचा आहे. तो कसा सोडायचा, ते कृपा करून ह्या बाईंना सांगा."